पार्किंग लॉटमधला बर्फ: स्वतः काढायचा की माणूस लावायचा?

दर नोव्हेंबरात अमेरिकेत, मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींचे मला फोन येतात. कुणी डे-केअर घेतलेलं असतं, कुणी दातांचा दवाखाना काढलेला असतो, कुणी चार गाळ्यांचा छोटा प्लाझा विकत घेतलेला असतो. "दादा, पिकअप ट्रक आहेच दारात. पुढे बर्फ ढकलायचा प्लाऊ बसवून घेऊ, की माणूस लावू?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "कितीला पडतं?"

घोळ इथेच सुरू होतो. लोक किमतीपासून सुरुवात करतात. प्लाऊ विकत घेऊन झाल्यावर कळतं की इमारतीच्या विम्यात तो बसत नाही. कंत्राटावर सही झाल्यावर कळतं की त्यात फुटपाथ धरलेलाच नाही. आमच्या डे-केअरचा ३८ गाड्यांचा लॉट मी आधी दोन हिवाळे माणूस लावून चालवला, मग तीन हिवाळे स्वतः काढला, आणि आता दोन्हींची सांगड घातली आहे. त्यातून जो क्रम हाती आला, तो खाली देतो. क्रम बदलू नका. पैशाचा टप्पा पाचवा आहे, आणि त्याला कारण आहे.

हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात करायचं आहे. पहिला बर्फ पडल्यावर कंत्राटदार शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. चांगल्या लोकांच्या फेऱ्या ऑक्टोबरपर्यंत भरून जातात आणि उरलेल्यांतून निवड करावी लागते.

## टप्पा १: लॉट पायी फिरून मोजा

नकाशावर बघून अंदाज बांधू नका. टेप किंवा मोजणीचं चाक घ्या आणि चाला. गाडी उभी करायची जागा आणि मधली वाट धरून दर गाडीमागे ३०० ते ४०० चौरस फूट लागतात. आमच्या ३८ गाड्यांचे झाले साधारण १४,००० चौरस फूट, म्हणजे एकरचा तिसरा हिस्सा.

आता वजन काढा, कारण डोळ्यांना ते दिसत नाही. साधा, फार ओला नसलेला १० इंच बर्फ वितळला की त्याचं सुमारे १ इंच पाणी होतं. या हिशोबाने आमच्या लॉटवर १ इंच बर्फ पडला की सव्वातीन टन माल पडतो. रात्रीत ६ इंच पडला तर वीस टन. मार्चमधला ओला बर्फ याच्या दुप्पटही भरू शकतो. "फावडं मारून भागेल" असं मनात येत असेल तर हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा.

मग कागदावर लॉटचा साधा आराखडा काढा आणि त्यात या गोष्टी खुणेने दाखवा:

- उतार कुठल्या बाजूला आहे, आणि गटाराच्या जाळ्या कुठे आहेत
- अपंगांच्या राखीव जागा आणि त्यांच्या शेजारचे पट्टे
- अग्निशमनाचा नळ, कचऱ्याचा मोठा डबा, टपालपेटी
- मागचं आपत्कालीन दार
- स्पीड ब्रेकर, वर आलेली मॅनहोलची झाकणं, तुटके काठ
- बर्फाचा ढीग लावण्याची जागा

शेवटच्या मुद्द्यावर वेळ घालवा. ढीग लॉटच्या वरच्या अंगाला लावला तर दिवसा तो वितळून पाणी खाली सगळीकडे पसरतं आणि रात्री त्याचीच काच होते. मी पहिल्या वर्षी ढीग वरच्या कोपऱ्यात लावू दिला, कारण तिथे मोकळी जागा दिसत होती. फेब्रुवारीत एका सकाळी एक आई बाळाची कार सीट हातात घेऊन गाडीतून उतरली. वर निरभ्र आभाळ, तीन दिवसांत बर्फाचा कणही पडलेला नाही, आणि तिचा पाय सर्रकन सरकला. तिने दुसऱ्या हाताने गाडीचं दार धरलं म्हणून ती वाचली. त्या दुपारी मी फूटभर उंच खुणेच्या काठ्या आणून ढिगाची जागा खालच्या अंगाला, गटाराच्या जाळीच्या पलीकडे हलवली. ढीग जाळीच्या वर येता कामा नये, पाण्याला जाळीपर्यंत वाट राहिली पाहिजे.

खबरदारी: बर्फ रस्त्यावर किंवा रस्ता ओलांडून पलीकडे ढकलू नका. मिशिगनमध्ये आणि कॅनडातल्या ऑन्टारियोतही ते कायद्याने मना आहे. राखीव जागेत ढीग लावणंही चालत नाही. अपंगांसाठीची वाट वापरण्याजोगी ठेवणं अमेरिकेच्या संघीय नियमांनी बंधनकारक आहे.

तपासा: ढिगाची जागा ठरली का? तिथून लॉटच्या तोंडाशी येणारी गाडी चालकाला दिसते का? ढीग सहा-सात फूट उंच होईल असं धरून बघा.

## टप्पा २: जबाबदारी कुणाची, ते कागदावर बघा

गाळा भाड्याचा असेल तर भाडेकरार काढून वाचा. कधी लॉट मालकाकडे असतो आणि दारासमोरचा फुटपाथ भाडेकरूकडे. कधी सगळंच मालकाकडे असतं आणि खर्च सामाईक देखभालीच्या नावाखाली तुमच्याकडून वसूल होतो. दुसऱ्या प्रकारात तुम्ही स्वतः बर्फ काढायला गेलात तर पैसे दोनदा जातात आणि कुणी पडलं तर तुम्हीही वादात ओढले जाता.

कायदा राज्यागणिक बदलतो, आणि "बर्फ समोर दिसत होता, बघून चालायचं ना" या भरवशावर राहणं आता महागात पडतं. एका गॅस स्टेशनवर बर्फावरून घसरलेल्या बाईच्या खटल्यात मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जुना नियम बदलला. धोका उघड दिसत होता एवढ्यावरून मालकाची सुटका आता आपोआप होत नाही. न्यू जर्सीत २०२१ च्या निकालानुसार वादळ चालू असेपर्यंत सहसा व्यावसायिक मालकावर बर्फ काढण्याचं बंधन नाही, पण ते थांबलं की रास्त वेळेत काढावा लागतो. ऑन्टारियोत जानेवारी २०२१ पासून, बर्फावर पडलेल्या माणसाने सहसा ६० दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते.

आता विमा एजंटला फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा. माझ्या ट्रकला प्लाऊ लावून मी धंद्याच्या जागेवर काम केलं तर ट्रकचा विमा लागू राहील का? आणि माझ्या जागेच्या विम्यात बर्फावरून घसरून पडणं धरलंय का? उत्तर ईमेलवर मागा. घरगुती गाडीच्या विम्यात हे काम बहुतेक वेळा वगळलेलं असतं.

थांबा: एजंटचं लेखी उत्तर येईपर्यंत प्लाऊ विकत घेऊ नका.

## टप्पा ३: सर्वात वाईट रात्र डोळ्यांसमोर आणा

स्वतः की माणूस, हा निर्णय खरं तर या टप्प्यावर होतो.

तुमचं दार किती वाजता उघडतं? आमचं साडेसहाला. म्हणजे सहाच्या आत लॉट, फुटपाथ आणि मागचं दार मोकळं हवं. प्लाऊ लावलेला पिकअप ट्रक मोकळ्या लॉटवर, बर्फ फार नसेल तर, तासाभरात साधारण एक एकर काढतो. आमच्या एवढ्याशा जागेला, कोपरे, दारासमोरचा भाग आणि फुटपाथ धरून, मला दीड तास लागायचा. ट्रकवरचा बर्फ झाडणं आणि घरून पोहोचणं वेगळं. म्हणजे उठायचं पावणेचारला. आणि बर्फ पहाटे पाचला सुरू झाला तर? मग गाड्या यायला लागल्यावर, मुलं चालत असताना काढावा लागतो.

आता कॅलेंडर घ्या आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारा:

- नोव्हेंबर ते मार्च यांत भारतात जाणं आहे का? लग्नं नेमकी याच दिवसांत असतात.
- नोकरीत रात्रीची पाळी किंवा प्रवास आहे का?
- ताप आला, पाठ धरली, तर कोण जाईल?
- ट्रक चालू झाला नाही तर?

चौथ्या हिवाळ्यात माझे वडील पुण्याला आजारी होते आणि मी डिसेंबरात तीन आठवडे तिकडे होतो. मेहुण्याने "मी बघतो भाऊजी" म्हटलं होतं. त्याने मनापासून केलंही. पण प्लाऊचं पातं कसं तिरकं करायचं हे मी त्याला फोनवर सांगत होतो, इथले पहाटेचे साडेचार वाजलेले. त्या दिवशी डे-केअर दोन तास उशिरा उघडलं.

नियम सोपा करून सांगतो. दुसरं नाव लिहिता येत नसेल तर स्वतः करू नका. दुसरं नाव म्हणजे असा माणूस, ज्याने तुमच्याच ट्रकवर तुमच्याच लॉटमध्ये किमान एकदा हे काम केलेलं आहे. "कुणीतरी येईल" हे नाव नव्हे.

खबरदारी: हृदयविकार, रक्तदाब असेल तर ओला बर्फ फावड्याने उपसू नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यात हे अंगमेहनतीचं काम हृदयावर एकदम ताण आणतं. प्लाऊ असला तरी फुटपाथ हातानेच करावा लागतो, हे विसरू नका.

## टप्पा ४: बर्फ ढकलणं आणि मीठ टाकणं, ही दोन वेगळी कामं धरा

बहुतेकांच्या हिशोबात फक्त प्लाऊ असतो. माझ्या गेल्या हिवाळ्याच्या वहीत ११ वेळा प्लाऊ आहे आणि २४ वेळा मीठ. अर्धा इंच पडला, पाऊस पडून गोठला, दिवसा वितळून रात्री परत धरला, या सगळ्याला प्लाऊचा उपयोग नाही. माणसं घसरतात ती बहुधा याच दिवशी.

मिठाबद्दल चार गोष्टी पक्क्या ठेवा.

एक, साधं खडेमीठ जमिनीचं तापमान साधारण १५ अंश फॅरनहाइटच्या (उणे ९ सेल्सियस) खाली गेलं की फारसं काम करत नाही. हवेचं तापमान पाहू नका, जमिनीचं पाहा. हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतो. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड वापरा. थंडी जास्त पडली म्हणून मीठ जास्त टाकणारे लोक मी दरवर्षी पाहतो. पोतं संपतं, बर्फ तसाच राहतो.

दोन, आधी ढकला, मग टाका. तीन इंच बर्फावर टाकलेलं मीठ पुढच्या फेरीत ढिगात जातं.

तीन, प्रमाण. हजार चौरस फुटांना साडेतीन पौंड धरलं तर आमच्या लॉटला एका वेळी ५० पौंडांचं एक पोतं पुरतं. फुटपाथसाठी कॉफीचा एक मोठा मग साधारण १० चौकटींना. दाण्यांमध्ये दोन-तीन इंच अंतर दिसलं पाहिजे. पांढरा थर दिसला तर जास्त झालं, आणि ते मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर गटारातून ओढ्याला आणि तळ्याला जातं. तिथून ते परत काढता येत नाही.

चार, नवीन काँक्रीटवर पहिला हिवाळा मीठ टाकू नका. वाळू टाका.

## टप्पा ५: आता पैसे

दर गावागणिक वेगळे असतात, म्हणून माझे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी घ्या. मला मिळालेला दर होता प्लाऊच्या फेरीला १४० डॉलर आणि मिठाच्या फेरीला ११०. अकरा फेऱ्यांचे झाले १,५४०. मिठाच्या चोवीस फेऱ्यांचे २,६४०. एकूण ४,१८०.

हा हिशोब मांडला तेव्हा मी चमकलो. मोठा खर्च मिठाचा होता, आणि मिठाचं पोतं दुकानात ९ डॉलरला मिळत होतं. चोवीस पोत्यांचे २१६. ढकलत न्यायच्या गाडीने मीठ पसरायला मला चाळीस मिनिटं लागतात, ट्रक लागत नाही, आणि हे काम आमच्या दोन शिक्षिकाही पैसे घेऊन आनंदाने करतात.

दुसऱ्या बाजूला स्वतःचा प्लाऊ. पाऊण टनी (म्हणजे जड कामाच्या पिकअपच्या वर्गातल्या) ट्रकला बसवून मला साडेसहा हजार पडले. सहा वर्षांत वाटले तरी वर्षाला हजाराच्या वर. त्यात विम्याची वाढ, घासून जाणारी खालची पट्टी, हायड्रॉलिक तेल, ट्रकच्या पुढच्या भागाची झीज. अकरा फेऱ्यांसाठी १,५४० वाचवायला हे सगळं. एका छोट्या लॉटला ते बसत नाही. तीन-चार लॉट असतील, किंवा तुम्ही बफेलोसारख्या ठिकाणी असाल जिथे हंगामात सरासरी ९५ इंच पडतो, तर गणित फिरतं. डेट्रॉइटला सरासरी ४५ इंच आहे.

म्हणून एका छोट्या लॉटच्या मालकाला मी आता एकच सांगतो: प्लाऊला माणूस लावा, मीठ घरचं ठेवा. मात्र तसं केलंत तर घसरडेपणाची जबाबदारी तुमच्याकडे आली, हे कंत्राटात स्पष्ट लिहा. नाहीतर काही घडलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

तपासा: तुमच्या हिशोबात फुटपाथ, मागचं दार आणि दिवसा पुन्हा करावी लागणारी फेरी आली का?

## टप्पा ६: माणूस लावत असाल तर

किमान तिघांना लॉटवर बोलवा. फोनवरून दर देणाऱ्याला सोडा. त्याच्या हातात तुमचा आराखडा द्या आणि हे विचारा: माझा लॉट तुमच्या फेरीत कितवा? एका ट्रकला एकूण किती जागा? ट्रक बंद पडला तर दुसरा आहे का? तुम्ही स्वतः येता की काम पुढे कुणाला देता?

पहिल्या वर्षी मी सर्वात स्वस्त माणूस घेतला. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या एका ट्रकवर एकोणीस जागा होत्या आणि आमची अठरावी होती. सहा इंचाच्या रात्री तो पावणेनऊला आला, तोवर चाळीस गाड्यांनी बर्फ दाबून दगड केला होता.

कंत्राटात हे नसेल तर सही करू नका:

1. किती इंचांवर यायचं. "२ इंच" लिहिलं तर पावणेदोन इंच पडल्यावर कुणी येणार नाही. शाळा, दवाखाना, डे-केअर असेल तर १ इंच मागा. मोजमाप कुठलं धरायचं, लॉटमधल्या काठीवरचं की हवामान खात्याचं, तेही लिहा.
2. किती वाजेपर्यंत पूर्ण. "वादळ थांबल्यावर" एवढं पुरत नाही. "सकाळी ६ पर्यंत, आणि दिवसा दर २ इंचांना पुन्हा" असं हवं.
3. काय काय काढायचं. फुटपाथ, दारं, कचऱ्याच्या डब्यासमोरची जागा. न लिहिलेलं काम होत नाही.
4. दर कशावर. फेरीवर, इंचांवर, की हंगामाची ठोक रक्कम. ठोक रकमेत किती इंचांपर्यंत, आणि त्यापुढे काय, ते बघा. ढीग उचलून नेण्याचा दर वेगळा विचारून ठेवा.
5. विम्याचा दाखला. तो त्याच्या विमा एजंटकडून थेट तुमच्याकडे यायला हवा, आणि त्यात तुमचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून असावं, म्हणजे त्याच्या विम्याचं संरक्षण तुम्हालाही मिळेल.

छापील मजकुरात "कोणत्याही अपघाताची जबाबदारी मालकाची" असं वाक्य कुठेतरी बारीक अक्षरात असतं. ते शोधा. त्यासाठी वकिलाचा एक तास विकत घ्या, तो वसूल होतो.

## टप्पा ७: स्वतः करत असाल तर

ट्रक पाऊण टनी हवा, आणि त्याच्या पुढच्या आसावर प्लाऊचं वजन झेपतं का ते दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर आणि प्लाऊ कंपनीच्या तक्त्यात बघा. मागे वाळूच्या पोत्यांचं वजन ठेवा, मागच्या आसाच्या मागे, नीट बांधून.

एक कोरडी फेरी ऑक्टोबरात मारा. त्यानंतर प्रत्यक्ष बर्फात हा क्रम ठेवा:

1. लॉटमध्ये शिरताना पातं तिरकं करून आत यायची वाट आधी मोकळी करा.
2. इमारतीपाशी तोंड भिंतीकडे करून जा, पातं खाली टेकवा आणि मागे ओढत या. भिंतीकडे बर्फ कधीही ढकलू नका.
3. मधली वाट काढा.
4. मग लांब सरळ पट्ट्यांत, ढिगाच्या दिशेने. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढता घ्या, नाहीतर मधे वरंबे राहतात.
5. ढिगाजवळ आल्यावर पातं हळूहळू उचला. पहिल्याच बर्फाला ढीग जितका मागे नेता येईल तितका न्या, कारण जानेवारीत तो दगड झालेला असतो आणि जागा आक्रसते.
6. शेवटी तोंडाशी येऊन रस्त्याच्या प्लाऊने टाकलेला वरंबा काढा.

पुढून मागे आणि मागून पुढे गिअर टाकताना ट्रक पूर्ण थांबवा. गिअरबॉक्स बिघडण्याचं हे मोठं कारण आहे. सीटचा पट्टा बांधा, रेडिओ बंद ठेवा, काच बोटभर उघडी ठेवा. मागे घेताना खरंच वळून बघा, कॅमेऱ्यावर बर्फ असतो. आणि आठ इंच पडेल असा अंदाज असेल तर आठ इंच साठू देऊ नका, दर तीन इंचांना एकदा जा.

खबरदारी: लॉटमध्ये कुणी चालत असेल तर ट्रक उभा करा. ती व्यक्ती दारात शिरेपर्यंत हलू नका.

## टप्पा ८: जमीन गोठण्याआधी

दोन्ही पर्यायांत हे करायचंच. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काठ, नळ, जाळ्या आणि ढिगाच्या जागेशी उंच रंगीत काठ्या रोवा. नंतर जमीन हातोडीलाही दाद देत नाही. मग लॉटचे फोटो काढा: प्रत्येक काठ, तुटलेला भाग, दिव्याचा खांब. वसंतात काठ मोडलेला दिसला की तो आधीचा की नंतरचा, हे फक्त फोटो सांगतो.

आणि दाराच्या आत खिळ्याला एक वही लटकवा. तारीख, वेळ, जमिनीचं तापमान, किती बर्फ, काय केलं, कुणी केलं. एक ओळ, पण त्याच सकाळी. कंत्राटदार आला तर त्याच्या फेरीची वेळही तिथेच लिहा आणि बिल आलं की वहीशी ताडून बघा. आमच्या वहीतली पहिली ओळ अजून माझ्या हस्ताक्षरात आहे, बाकीच्या बहुतेक शिक्षिकांच्या. लिहायला मात्र शिसपेन्सिल ठेवा. थंडीत शाई धरत नाही.